सोन्यातले हीण



वसंत व्याख्यानमालेत माझ्यासारख्या माणसाने उभे राहून मजुरीचे दर, तेंदूपत्त्याचा हंगाम किंवा विडीकामगारांचा कायदा यांवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर मी वर्षभर बोलतच असतो. आज मात्र मी सोन्यात मिसळलेल्या लोखंडाच्या एका कणाचा इतिहास सांगणार आहे. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर नाही. जे वाचले ते वाचनालयातून आणि मोर्च्यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत वाचले. परंतु वाचता वाचता असे दिसून आले, की या इतक्याशा कणाने जवळजवळ शंभर वर्षे जगातल्या उत्तमोत्तम बुद्धीला कामाला लावले आहे, आणि तो ज्या प्रश्नाचे उत्तर मागतो तो प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. चहूबाजूंनी गर्दीने वेढलेला एकटा कण आपले स्वत्व राखू शकतो काय? राखत असेल तर केव्हा, आणि गमावत असेल तर कोणत्या क्षणी?

सध्या लग्नसराई आहे. सोनार कसोटीवर सोने घासतो आणि हीण किती ते सांगतो. हीण म्हणजे खोट, हीण म्हणजे किंमत उतरवणारी वस्तू. शास्त्रज्ञांचाही प्रथम हाच समज होता. विजेचा प्रवाह म्हणजे धातूतून वाहणारे इलेक्ट्रॉन. त्यांच्या वाटेत दोन अडथळे असतात: एक उष्णतेने थरथरणारे अणू, दुसरे मिसळलेले परके अणू. ऑगस्टस मॅथिसन याने १८६० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की या दोहोंचा विरोध सरळ एकमेकांत मिळवता येतो. थंडी वाढवावी तसतशी थरथर कमी होते, तेवढा विरोध घटतो. हिणाचा विरोध तेवढा कायम उरतो. हिशेब सोपा होता. निरपेक्ष शून्य, म्हणजे वजा २७३.१५ अंश सेल्सिअस, याच्या जवळ काय होते, एवढेच काय ते पाहायचे राहिले होते.

ते पाहण्याचे साधन हॉलंडमधील लायडन येथे तयार झाले. १० जुलै १९०८ रोजी हाइके कामरलिंग ऑनेस याने हेलियम वायू पहिल्यांदा द्रवरूप केला. हा द्रव वजा २६९ अंशांना उकळतो. ऑनेसचे नाव सर्व पुस्तकांत आहे, पण मला त्या प्रयोगशाळेतील दुसरी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. काचेची नळी फुंकणारा, पंपाची दट्ट्या घासून बसवणारा कारागीर हाताशी नसेल तर प्रोफेसराची विद्या कागदावरच राहते, हे त्या गृहस्थाने ओळखले होते. म्हणून १९०१ मध्ये त्याने उपकरणे घडवणाऱ्या कारागिरांची शाळा उभी केली. निळे कपडे घालून काम करणारी तिथली मुले गावात प्रसिद्ध होती. हेलियम द्रव झाला त्या दिवशी यंत्रांजवळ खेरिट फ्लिम हा कार्यशाळेचा प्रमुख होता. शास्त्राच्या इतिहासात अशा माणसांना एखादी ओळ मिळते. त्यांच्या हातांवाचून पुढला सारा इतिहास घडला नसता.

त्याच लायडनमध्ये १९३४ साली डी हास, डी बूर आणि फान डेन बर्ख यांनी सोन्याच्या तारेचा विरोध मोजला. थंडी वाढत गेली तसा विरोध उतरत गेला. पण शून्याच्या काही अंश अलीकडे तो थांबला आणि पुन्हा चढू लागला! मॅथिसनच्या हिशेबात याला जागा नव्हती. हिणाचा वाटा कायम असायला हवा, तो थंडीने वाढतो कसा? कोडे टिपून ठेवले गेले आणि पुढे तीस वर्षे ते तसेच पडून राहिले.

कोड्याची पहिली गाठ सैल केली ती मिरियम साराचिक या बाईने. ही १९३३ साली अँटवर्प येथे एका ज्यू घरात जन्मली आणि नाझींच्या तावडीतून निसटून कुटुंबासह अखेर अमेरिकेत पोहोचली. १९६४ साली तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी मॉलिब्डेनम व निओबियम यांच्या मिश्रधातूंत लोखंडाचा शेकडा एक अंश घालून मोजमाप केले. या मिश्रणाची प्रमाणे बदलली की काही ठिकाणी लोखंडाचा अणू चुंबकासारखा वागतो आणि काही ठिकाणी त्याचे चुंबकत्व नाहीसे होते. जिथे लोखंडाने चुंबकत्व राखले तिथेच विरोध पुन्हा चढला. दोष हिणाचा नव्हता, हिणाच्या चुंबकत्वाचा होता.

त्याच वर्षी टोकियोत जुन कोंडो याने कारण सांगितले. लोखंडाचा अणू म्हणजे एक सूक्ष्म होकायंत्राचा काटा समजा. इलेक्ट्रॉनही तसेच सूक्ष्म काटे. एखादा इलेक्ट्रॉन आपटून गेला, की तो लोखंडाचा काटा उलटवून जातो. दुसरा इलेक्ट्रॉन येतो, त्याला आता निराळाच काटा भेटतो. म्हणजे साधा दगड आपल्यावर कोण आदळून गेले हे विसरतो, पण हा काटा लक्षात ठेवतो! या स्मरणाचा हिशेब मांडला, तेव्हा थंडीबरोबर विरोध वाढतो हे आकड्यांनिशी निघाले आणि प्रयोगाशी जुळले.

पण कोंडोच्या सूत्राने एक नवे संकट उभे केले. शून्य अंशाकडे जावे तसे ते उत्तर अनंताकडे धावू लागले. निसर्गात कोणत्याही तारेचा विरोध असा अनंत होत नाही, तेव्हा सूत्र कुठेतरी अपुरे होते. १९७० साली फिलिप अँडरसन याने एक युक्ती काढली आणि तिला ‘गरीब माणसाची रीत’ असे गमतीचे नाव दिले. सगळ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब एकदम करू नका. जास्त ऊर्जेचे थोडेसे बाजूला काढा आणि त्यांचा परिणाम उरलेल्यांच्या खात्यात जमा करा, असे पुन्हापुन्हा करा. केनेथ विल्सन याने १९७५ साली हीच कल्पना संगणकावर पक्की केली. १९८२ साली त्याला अवस्थांतराच्या सिद्धांताबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी चांदा जिल्ह्याची फाळणी होऊन आपला गडचिरोली जिल्हा झाला.

विल्सनच्या हिशेबातून निघालेले उत्तर असे: पुरेशी थंडी झाली, की इलेक्ट्रॉनांची गर्दी लोखंडाच्या काट्याभोवती अशी जमते की त्याचे चुंबकत्व पूर्ण झाकले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला तो चुंबक उरतच नाही. लोखंड आणि इलेक्ट्रॉन यांचे वाकडे असेल, म्हणजे एकमेकांच्या उलट दिशेला राहण्याकडे त्यांचा कल असेल, तर ते आकर्षण कितीही दुबळे असो, शून्य अंशाला शेवट एकच. इथे एकट्याचा टिकाव लागत नाही.

आता श्रोतेहो, कथा इथे संपली असती, जर जगात एकाच जातीची गर्दी असती. गर्दीच्या जाती दोन आहेत. हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. या सभेत पुढे खुर्च्या आहेत आणि मागे सतरंजी आहे. खुर्चीवर एकच माणूस बसतो, आणि ती भरली की दुसऱ्याने दुसरी शोधावी. इलेक्ट्रॉन या जातीचे, एका जागी एक. सतरंजीवर मात्र येईल तो बसतो, दहाचे शंभर झाले तरी जागा संपली असे होत नाही. दुसऱ्या जातीचे गणित १९२४ साली ढाक्का विद्यापीठातील सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकणांसाठी मांडले. त्यांनी तो लेख आइन्स्टाइनकडे पाठवला, आणि आइन्स्टाइनने स्वतः त्याचा जर्मन अनुवाद करून छापवला. या जातीच्या कणांना त्यांच्याच नावावरून ‘बोसॉन’ म्हणतात. स्फटिकातल्या ध्वनीच्या लहरी, चुंबकातून पसरणाऱ्या लहरी, प्रकाश, सारे या सतरंजीवरचे लोक.

मग प्रश्न असा: लोखंडाचा तोच काटा खुर्च्यांच्या सभेऐवजी सतरंजीच्या सभेत टाकला तर?

इथे ‘अवस्थांतर’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. वैनगंगेचे पाणी भांड्यात घेऊन तापवले, की शंभर अंशांच्या सुमारास त्याची वाफ होते. हे अवस्थांतर उष्णतेने होते. पुंजविज्ञान सांगते, की निरपेक्ष शून्यालाही, जिथे उष्णतेची थरथर संपलेली आहे तिथेही, कणांची एक मूळची अस्वस्थता शिल्लक उरते. उष्णता न बदलता दुसरे काही, जसे दाब, मिश्रण किंवा सभोवतालाशी असलेले नाते, थोडे थोडे बदलत नेले, की एका ठरावीक मापाला सारी व्यवस्थाच पालटते. याला पुंजीय अवस्थांतर म्हणतात. नवलाची गोष्ट ही, की एका कणाच्या बाबतीतही ते घडू शकते, कारण त्याच्याभोवतीची गर्दी अगणित असते.

१९८७ साली अँथनी लेगेट, सुदीप चक्रवर्ती, अनुपम गर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा मोठा आढावा लिहिला. दोनच दिशा असलेला एक काटा घ्या. पुंजविज्ञानाच्या अस्वस्थतेमुळे तो या दिशेकडून त्या दिशेकडे झुलत असतो. बोसॉनांची गर्दी त्याला पाहत असते आणि तो वळेल तशी स्वतःही वळते. नाते सैल असेल तर काटा झुलतच राहतो. नाते एका मापापलीकडे घट्ट झाले, की गर्दीला वळायला इतका वेळ लागतो की काटा एका बाजूला अडकून पडतो, कायमचा. झुलता आणि अडकलेला, अशा या दोन अवस्था, आणि त्यांच्यामध्ये शून्य अंशावरची सीमारेषा. खुर्च्यांच्या सभेत शेवट ठरलेला होता. इथे शेवट मापावर अवलंबून आहे.

आणि काट्याचे भवितव्य ठरवते कोण? वेगवान, गोंगाट करणारी आंदोलने नव्हेत. काट्याला अडकवतात ती मंद, रेंगाळणारी आंदोलने. ती पुरेशा संख्येने असतील तरच अडकण्याची अवस्था संभवते. ती फार विरळ असतील तर नाते कितीही घट्ट करा, काटा झुलतच राहतो.

याचे उदाहरण आपल्या तालुक्यातच शोभेल असे आहे. वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. हिरा म्हणजे कार्बन. त्यात नायट्रोजनचा परका अणू शिरला आणि शेजारची एक जागा रिकामी राहिली, तर त्या ठिकाणी एक सूक्ष्म चुंबकी काटा तयार होतो. हिऱ्यात वाहते इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणजे खुर्च्यांची सभाच नाही. आहेत त्या ध्वनीच्या लहरी. हिरा इतका ताठ, की त्यात मंद लहरी फारच विरळ. म्हणून हा काटा नेहमीच्या उष्णतामानालाही आपली दिशा काही सहस्रांश सेकंद टिकवून धरतो, आणि अणूंच्या जगात हा काळ दीर्घ आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळा अशा काट्यांनी अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजतात. जव्हेरी ज्याला डाग म्हणेल, तेच तिथे उपकरण झाले!

आता या इतिहासातील मला सर्वांत आवडणारा प्रसंग सांगतो. काटा आणि बोसॉन यांचा प्रश्न एका जुन्या प्रश्नाशी जोडता येतो, हे ठाऊक होते. काट्याचा कालक्रम म्हणजे जणू एका रांगेत मांडलेले साधे चुंबक, फक्त दूरदूरचे चुंबकही एकमेकांवर परिणाम करणारे. रांगेचे नियम ठाऊक, म्हणून काट्याचेही ठाऊक, असे मानले जाई. २००५ साली माथियास व्होइटा, निंग-हुआ टोंग आणि राल्फ बुल्ला यांनी विल्सनची रीत बोसॉनांना लावून हिशेब केला आणि जाहीर केले, की मंद आंदोलने विशेष दाट असताना हे साम्य मोडते. काटा त्या रांगेसारखा वागत नाही. ही मोठी बातमी होती. अनेकांनी त्यावर पुढे काम केले.

परंतु शंका राहिली. २००९ साली दुसऱ्याच रीतीने हिशेब झाला, आणि साम्य मोडत नाही असे निघाले. चूक कुठे होती? खुर्ची आणि सतरंजी यांच्या फरकात! विल्सनची रीत इलेक्ट्रॉनांसाठी होती. तिथे प्रत्येक जागी शून्य किंवा एक, वही भरून संपते. बोसॉन एका जागी किती जमतील याला सीमा नाही, पण संगणकाच्या वहीत पाने मोजकीच. अवस्थांतरापलीकडे नेमके तिथेच बोसॉन अतोनात जमत होते आणि वहीत मावत नव्हते. शिवाय पायरीपायरीने हिशेब करताना उरलेल्या आंदोलनांचा वाटा गळून जाण्याचा दोषही होता.

आणि हा २००९ चा शोधनिबंध कोणाचा? आंद्रे विंटर आणि हाइको रीगर यांच्याबरोबर त्यावर व्होइटा आणि बुल्ला यांचीच नावे आहेत. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची चूक शोधण्यात ते सामील झाले, आणि जुन्या निबंधाची दुरुस्तीही त्यांनी त्याच नियतकालिकात छापली. श्रोतेहो, आमच्या संघटनेच्या वर्गणीच्या हिशेबात एकदा माझ्या हातून चूक झाली होती. रक्कम लहान होती. पण ती सभेत उभे राहून कबूल करायला मला दोन महिने लागले. तोपर्यंत आपली वही बरोबरच आहे, हे स्वतःला पटवण्याचे किती मार्ग मी शोधले ते माझे मला माहीत. म्हणून हा प्रसंग वाचला तेव्हा मला त्या गणितापेक्षा त्या दोन सह्यांचे अधिक वाटले. शास्त्र चुकत नाही म्हणून ते विश्वासार्ह, असे आपण मुलांना शिकवतो. ते बरोबर नव्हे. चुकीची दुरुस्ती करण्याची रीत त्याने आपल्या घरातच बांधून ठेवली आहे, म्हणून ते विश्वासार्ह.

या कथेत आपल्या महाराष्ट्राचाही वाटा आहे. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी, चुंबकत्वाचा अभ्यास पुष्कळ वर्षे चालू आहे. अणुगर्भाच्या चुंबकत्वावरून पदार्थ ओळखण्याच्या शास्त्रात १९५१ सालीच नाव मिळवलेले एस. एस. धर्मट्टी यांनी तिथे तो पाया घातला. १९८१ साली संपतकुमारन, गुप्ता, विजयराघवन, देवरे आणि त्यांचे सहकारी यांनी युरोपियम, पॅलेडियम आणि सिलिकॉन यांच्या एका संयुगाचे वर्तन प्रसिद्ध केले. त्यात युरोपियमचा अणू उबेत बलवान चुंबक असतो. थंडी वाढून शून्यावर सुमारे दीडशे अंशांपर्यंत आली, की तो आपला एक इलेक्ट्रॉन भोवतालच्या गर्दीला जवळजवळ देऊन टाकतो आणि त्याचे चुंबकत्व विरत जाते. सोन्यातल्या लोखंडाहून हा मार्ग निराळा, पण प्रश्न त्याच कुळातला: अणूचे चुंबकत्व त्याचे एकट्याचे, की सभोवतालाशी झालेल्या व्यवहाराचे?

आणखी एक उदाहरण देऊन आवरतो. सिरियमच्या एका अणूला तांब्याचे सहा, असे एक संयुग आहे. त्यात प्रत्येक सिरियम हा चुंबकी काटा, पण इलेक्ट्रॉनांनी झाकलेला. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे फॉन लोनाइझन आणि त्यांच्या मंडळींनी १९९४ च्या सुमारास त्यात तांब्याच्या जागी थोडे सोने घातले. सोन्याचा अणू मोठा, त्यामुळे स्फटिक किंचित ताणला जातो आणि झाकण सैल होते. तांब्याच्या साठ अणूंमागे सोन्याचा सुमारे एक झाला, की शून्य अंशालगत अवस्थांतराची सीमा येते. त्यापलीकडे काटे झाकलेले राहत नाहीत, एकाआड एक उलट अशी रांग धरतात. या सीमेवर प्रत्येक काट्याभोवती दोन्ही सभा एकदम असतात: इलेक्ट्रॉनांच्या खुर्च्या आणि शेजारच्या काट्यांच्या हेलकाव्यांची सतरंजी. दोघींच्या ओढाताणीत काटाच तेथे नव्याने निर्णय घेतो, असे एक स्पष्टीकरण चीमियाओ सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मांडले. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. गंमत पाहा, १९३४ साली सोने शुद्ध आणि लोखंड हीण होते. साठ वर्षांनी सोनेच हीण म्हणून घातले गेले! हीण ही वस्तूची जात नव्हे. कोण कोणाच्या घरात शिरले, यावरून ते नाव पडते.

एवढ्यावरून माणसांच्या समाजाचे नियम काढावेत, असा मोह माझ्यासारख्या चळवळ्याला होणारच. पण मी तो आवरतो. अणूला पोट नाही, आणि अणूला संप करता येत नाही. अणूंच्या दाखल्यांनी माणसांना उपदेश करणारे पुष्कळ झाले, त्यांत भर नको. मला मागायचे आहे ते साधे आहे. लायडनला निळ्या कपड्यांतल्या मुलांची शाळा होती, म्हणून हेलियम द्रव झाला. ढाक्क्याच्या अध्यापकाचा कागद कोणी तरी वाचला, म्हणून बोसॉन झाले. आपल्याकडे कोशाच्या धाग्यावर बारीक हात चालवणारी बोटे आहेत, लोखंडाचे डोंगर आहेत, हिऱ्याची जुनी खाण आहे. मात्र आपल्या शाळांतल्या मुलांच्या हाती एक चांगला तापमापक आणि एक होकायंत्र तरी पडते काय, हे आपण या सभेनंतर घरी जाताना एकमेकांना विचारावे. लोखंड आपल्या डोंगरांतून बाहेर जाते तसे जाईल. त्याच लोखंडाचा एक कण सोन्यात काय करतो, हे जाणण्याचा हक्क मात्र आपल्या मुलांनी इथे बसूनच बजावला पाहिजे.